शेळ्यांचे केस गळणे आणि कातडीचे विकार : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शेळीपालकांकडून कातडीबद्दल जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात ते इथे एकत्र केले आहेत. बहुतेकांना पहिल्या वाक्यातच इंजेक्शनचं नाव हवं असतं. पण केस जाणं हा आजार नाही, ते लक्षण आहे. ते ऊ, किडा, बुरशी, जिवाणू, विषाणू, खाण्यातली उणीव किंवा नुसतं दावं घासणं यांपैकी कशामुळेही होऊ शकतं. म्हणून प्रश्न २ आधी वाचा आणि मग आपल्या शेळीला लागू असलेल्या उत्तराकडे जा.

१. माझ्या शेळीचे केस गळताहेत. हा आजारच असतो का?

नाही. थंडी संपताना शेळी आतली मऊ लोकर टाकते. तेव्हा झुपके निघतात, केस विस्कटलेले दिसतात आणि ती कुंपणाला अंग घासते. केस बाजूला करून कातडी बघा. ती स्वच्छ, मऊ असेल, खपली किंवा कोंडा नसेल आणि खालून नवे केस येत असतील तर काही करू नका, फक्त ब्रश फिरवा. पुढच्या गुडघ्यांवर आणि छातीखाली घट्टे पडून केस जातात, तेही बसण्या-उठण्यामुळे. मानेभोवती पट्ट्यासारखा भाग उघडा पडला असेल तर दावं बघा. नाकाच्या वरच्या बाजूला किंवा मानेखाली सगळ्यांनाच एकाच जागी टक्कल असेल तर गव्हाणीची कड बघा.

२. नेमकं काय झालंय याचा अंदाज घरी कसा घ्यायचा?

तीन गोष्टी याच क्रमाने बघा.

पहिली, खाज. शेळीपासून थोडं लांब, पाच-दहा मिनिटं शांत उभं राहा. ती मागच्या खुराने कान खाजवते का, दाताने कुशी चावते का, खांबाला अंग घासते का? भरपूर खाज असेल तर उवा किंवा खरूज (प्रश्न ३ ते ५) आधी तपासा. खाज नसेल तर बुरशी, गाठींची खरूज, पावसातली खपली (प्रश्न ६ ते ८) किंवा खनिजांची उणीव (प्रश्न १४) हे संशयित पुढे येतात.

दुसरी, जागा. पाठ आणि मानेचा वरचा भाग म्हणजे उवा किंवा पावसातली खपली. कानाची कड, डोळ्याभोवती, मान आणि मांडीची आतली बाजू म्हणजे सार्कोप्टिक खरूज (कातडीत बोगदे करणाऱ्या किड्याची, प्रश्न ५). फक्त खुराच्या वरचा भाग आणि पायांची खालची बाजू म्हणजे पायांची खरूज. ओठ आणि नाकपुड्या म्हणजे मावा (तोंडाभोवती फोड आणणारा विषाणूचा आजार, प्रश्न ९). शेपटीचं टोक उघडं आणि केसांचा रंग उतरलेला असेल तर तांब्याची कमतरता.

तिसरी, किती जणांना. एकट्या शेळीला असेल तर तिचं वय, गाभणपण, नुकतंच येऊन गेलेलं आजारपण बघा. आठवड्याभरात तीन-चार जणींना दिसलं तर ते लागट आहे असं धरून त्यांना वेगळं बांधा. सगळ्या कळपाचे केस एकदम निस्तेज झाले असतील तर कारण चाऱ्यात किंवा पाण्यात शोधा.

ही तीन उत्तरं हातात असतील तर पशुवैद्यकाचं निम्मं काम झालेलं असतं. फोनवर बोलतानाही हेच सांगा.

३. उवा कशा शोधायच्या? मला तर काहीच दिसत नाही.

भर उन्हात शेळी उभी करा. खांद्यामागे, पाठीच्या कण्यालगत आणि मानेच्या बाजूला केस दोन बोटांनी फाकवा आणि हात न हलवता क्षणभर थांबा. चावणाऱ्या उवा फिकट पिवळसर असतात, उजेड पडला की पळतात, आणि कोंड्याचा कण हलल्याचा भास होतो. रक्त पिणाऱ्या उवा निळसर-करड्या, डोकं कातडीत रोवून जागच्या जागी बसलेल्या असतात. केसांच्या मुळाशी चिकटलेले पांढरे ठिपके म्हणजे लिखा. कोंडा फुंकर मारली की उडतो, लीख उडत नाही.

रक्त पिणाऱ्या सापडल्या तर लगेच खालची पापणी उलटून बघा. ती गुलाबी असायला हवी. पांढरट असेल तर रक्त कमी झालं आहे. पण जंतांमुळेही पापणी अशीच होते, तेव्हा लेंडी तपासून घ्या. करडं आणि अशक्त शेळ्या यातच दगावतात. उवा थंडीत जास्त होतात, कारण केस दाट असतात आणि शेळ्या एकमेकींना चिकटून बसतात.

४. औषध मारलं, उवा गेल्या, आणि तीन आठवड्यांत पुन्हा झाल्या. औषध बनावट आहे का?

बहुतेक वेळा औषध ठीक असतं, दुसरी फेरी राहिलेली असते. औषधाने उवा मरतात, लिखा मरत नाहीत. त्या लिखा साधारण एक ते दोन आठवड्यांत फुटतात. त्यामुळे पहिल्या फवारणीनंतर सुमारे १४ दिवसांनी दुसरी फवारणी करावीच लागते, नाहीतर नव्या उवा मोठ्या होऊन पुन्हा लिखा घालतात. दुसरी चूक म्हणजे खाजवणाऱ्या दोनच शेळ्यांना औषध लावणं. कळपातल्या प्रत्येक जनावराला, बोकड आणि करडांसह, एकाच दिवशी लावा. करडांसाठी कोणतं औषध चालतं ते मात्र आधी विचारा.

उवा शेळीचं अंग सोडून फार दिवस जगत नाहीत. खालचं गवत-पाचट बदला, ब्रश आणि दावी उन्हात टाका, एवढं पुरतं. गोठा जाळून काढायची गरज नाही.

५. खरूज आहे हे कशावरून? आणि ती बरी व्हायला किती दिवस लागतात?

सार्कोप्टिक खरजेचा किडा कातडीत बोगदे करतो. आधी बारीक पुळ्या, मग केस जातात, मग कातडी जाड, करडी आणि सुरकुतलेली होते. खाज इतकी असते की शेळी चारा सोडून खाजवत बसते आणि वाळत जाते. पायांच्या खरजेचा किडा वरच्या वर राहतो, म्हणून ती तुलनेने सौम्य असते. बोकडाच्या अंडकोशावरही ती दिसते. तिसरा प्रकार कानातला. शेळी डोकं झटकते आणि कानात पापुद्र्यांचे थर साचतात.

उपचार कधीही एका डोसात संपत नाही. साधारण १० ते १४ दिवसांच्या अंतराने दोन-तीन वेळा औषध द्यावं लागतं. जाड खपल्या कोमट पाण्याने आणि सौम्य साबणाने मऊ करून काढल्याशिवाय वरून लावायचं औषध आत पोचत नाही. ही पायरी लोक हमखास गाळतात. खाज आधी थांबते, केस यायला महिना-दोन महिने जातात. केस आले नाहीत म्हणून औषधाचा मारा वाढवू नका. खाज थांबली का आणि चट्टा पसरायचा थांबला का, हे बघा.

६. चेहऱ्यावर, मानेवर, खांद्यावर बारीक गाठी आहेत, पण शेळी अजिबात खाजवत नाही.

ही डेमोडेक्स खरूज, म्हणजे वर सांगितलेली गाठींची खरूज, असण्याची शक्यता मोठी. हा किडा केसाच्या मुळाशी राहतो. गाठ मुगाएवढीपासून वाटाण्याएवढी असते आणि दाबली तर घट्ट पांढरट पदार्थ बाहेर येतो. सूक्ष्मदर्शकाखाली त्यात किडेच किडे दिसतात. तो आईकडून पिल्लाला जन्मानंतरच्या पहिल्या दिवसांत लागतो आणि गाठी पुढे कित्येक महिन्यांनी दिसतात. थोड्या गाठी असलेली धट्टीकट्टी शेळी कित्येकदा उपचाराविना राहते. गाठी वाढत असतील तर उपचार लांबतो. अशा शेळीला खनिजं, जंत, वय या बाजूनेही तपासून घ्या.

एक इशारा: कानाखाली, जबड्याखाली किंवा खांद्यापुढे एकच लिंबाएवढी घट्ट गाठ असेल तर ती बहुधा लसिकाग्रंथीतला गळू असतो. तो गोठ्यात फोडू नका. त्यातल्या पुवातून जिवाणू जमिनीवर सांडतो आणि सगळ्या कळपात पसरतो. शेळी वेगळी बांधून डॉक्टरांना बोलवा.

७. गोल गोल चट्टे पडलेत, केस मुळाशी तुटल्यासारखे दिसतात.

गजकर्ण, म्हणजे बुरशी. चेहरा, कान, मान इथे करड्या खपल्यांचे गोल दिसतात, खाज नसते किंवा थोडी असते. तरुण जनावरांत जास्त होतं. धष्टपुष्ट शेळीत ते दोन-चार महिन्यांत आपोआप जातं, पण तोवर इतरांना आणि माणसांना लागत राहतं, म्हणून उपचार करावा. खपली मऊ करून काढा (ती जमिनीवर टाकू नका, जाळा) आणि चट्ट्याच्या कडेबाहेर बोटभर अंतरापर्यंत बुरशीविरोधी मलम किंवा आयोडीन लावा. बुरशी कडेकडेने पसरत असल्याने मधोमध लावलेलं मलम वाया जातं. मोकळी हवा आणि ऊन द्या. बुरशीचे बीजाणू लाकडात आणि भिंतीच्या फटीत कित्येक महिने टिकतात, त्यामुळे खांब आणि गव्हाण जंतुनाशकाने धुवा.

८. पावसाळ्यात पाठीवर खपल्यांचे गठ्ठे झालेत.

ही पावसातली खपली. डर्मॅटोफिलस नावाचा जिवाणू सतत ओल्या राहिलेल्या, चिरलेल्या कातडीत शिरतो. एक खपली हलक्या हाताने उचलून बघा. केसांचा झुपका खपलीसकट रंगाच्या कुंचल्यासारखा निघतो आणि खाली ओलसर, गुलाबी, कधी पुवाळलेली जागा दिसते. उपचारातली मुख्य गोष्ट म्हणजे कोरडं राहणं. छप्पर गळत असेल तर कितीही प्रतिजैविकं दिली तरी खपल्या परत येतात. फार पसरलं असेल तर पशुवैद्यक पेनिसिलीन किंवा टेट्रासायक्लिन गटातलं इंजेक्शन देतात. गोचिडांमुळे कातडीला जखमा होतात आणि हा आजार बळावतो, तेव्हा गोचीड आधी आवरा.

९. करडांच्या ओठांवर फोड आणि खपल्या आल्यात. दूध पीत नाहीत.

मावा. विषाणूचा आजार आहे, तेव्हा प्रतिजैविकाने विषाणू मरत नाही. ते फक्त जखम पिकली तर लागतं. तीन-चार आठवड्यांत फोड वाळून पडतात. तोवर खपल्या ओढून काढू नका, त्याने बरं व्हायला उशीर होतो आणि रोग पसरतो. पोटॅशियम परमँगनेटच्या फिकट गुलाबी पाण्याने पुसून बोरोग्लिसरीन लावा, मऊ पाला द्या, आणि न पिणाऱ्या करडाला बाटलीने किंवा वाटीने दूध पाजा. माव्याने करडू क्वचित मरतं, उपासमारीने मरतं. आईचे सड रोज बघा. करडाकडून तिथे फोड येतात, ती करडाला लाथाडते आणि कास सुजते.

ओठांच्या खपल्यांबरोबर ताप, डोळ्या-नाकातून स्राव, हगवण आणि मरतुक असेल तर तो मावा नाही, पीपीआर (शेळ्या-मेंढ्यांचा जीवघेणा, झपाट्याने पसरणारा विषाणूचा रोग) असू शकतो. त्याच दिवशी डॉक्टरांना बोलवा.

१०. देवी आणि मावा यात फरक कसा करायचा?

देवीत आधी ताप येतो, मग शेपटीखाली, काखेत, मांडीच्या आत, कासेवर, ओठांवर, म्हणजे केस विरळ असलेल्या सगळ्या जागी घट्ट गाठी येतात. मावा सहसा तोंडाभोवतीच राहतो. देवी जागतिक पशुआरोग्य संघटनेच्या यादीतला रोग आहे. संशय आला तरी पशुवैद्यकीय खात्याला कळवा आणि एकही जनावर विकू किंवा हलवू नका.

११. यातलं माणसाला काय होतं?

चार गोष्टी लक्षात ठेवा: गजकर्ण, सार्कोप्टिक खरूज, मावा आणि पावसातली खपली. शेळीची खरूज माणसाच्या अंगावर वाढत नाही, पण काही दिवस भयंकर खाज देते. माव्याचा फोड बोटावर येतो आणि आठवडे राहतो. शेळीच्या उवा माणसावर राहत नाहीत. हातमोजे घाला, नंतर साबणाने हात धुवा आणि चट्टे असलेल्या करडाला लहान मुलांच्या मांडीवर देऊ नका. अंगावर काही उठलं तर डॉक्टरांना "घरात शेळ्या आहेत" हे न विसरता सांगा.

१२. आयव्हरमेक्टिन दिलं की सगळंच बरं होतं ना?

नाही. हा गैरसमज सर्वांत जास्त नुकसान करतो. आयव्हरमेक्टिनचं इंजेक्शन रक्त पिणाऱ्या उवा आणि खरजेच्या किड्यांवर चांगलं चालतं. चावणाऱ्या उवा रक्त पीत नाहीत, म्हणून त्यांच्यावर ते अपुरं पडतं. तिथे अंगावर मारायचं औषधच हवं. गजकर्ण, मावा, पावसातली खपली, खनिजांची उणीव यांवर त्याचा काडीचाही उपयोग नाही. शिवाय दर चट्ट्याला ते दिल्याने पोटातले जंत त्याला दाद देईनासे होतात, आणि मग खऱ्या गरजेच्या वेळी हातात औषध राहत नाही.

डोस वजनावर असतो. शेळी काट्यावर चढवा किंवा छातीचा घेर मोजून वजन काढा. नजरेचा अंदाज बहुधा कमी निघतो. गाईंच्या पाठीवर ओतायचं औषध शेळीच्या कातडीतून नीट शोषलं जात नाही. दूध आणि मांस किती दिवस वापरायचं नाही, हे औषध घेतानाच विचारून लिहून ठेवा. गोठ्यात मांजर असेल तर परमेथ्रिन (अंगावर मारायचं कीटकनाशक) मारलेल्या ओल्या शेळीपासून ते लांब ठेवा, मांजराला ते जीवघेणं असतं.

१३. जळकं ऑईल, रॉकेल, तंबाखूचं पाणी लावलं तर?

लावू नका. जळक्या ऑईलमध्ये जड धातू असतात, शेळी अंग चाटते आणि ते पोटात जातात. रॉकेलने कातडी भाजते. तंबाखूतलं निकोटीन कातडीतून शोषलं जाऊन विषबाधा होते, करडांना तर पटकन. कडुनिंबाचं किंवा करंजाचं तेल सौम्य आहे. थोडा कोंडा, खपली मऊ करणं याला चालेल. पसरलेल्या खरजेला त्यावर भागवत बसलात तर फक्त वेळ जातो.

१४. खाज नाही, ऊ नाही, तरी केस विरळ आणि रंग उडालेला. काय कमी पडतंय?

काळी शेळी तांबूस दिसू लागली, केस राठ झाले, शेपटीच्या टोकाचे केस जाऊन ती माशाच्या शेपटीसारखी दुभंगलेली दिसली, तर तांब्याची कमतरता असू शकते. चाऱ्यात तांबं असूनही हे होतं. पाण्यातलं लोह आणि गंधक, चाऱ्यातलं मॉलिब्डेनम त्याला अडवतं.

डोळ्याभोवती, तोंडाभोवती, खुरांवर जाड खपल्या आणि केस गेलेले असतील तर जस्ताकडे बघा. फक्त लसूणघासावर पोसलेल्या बोकडांत हे दिसतं, कारण त्यातलं भरपूर कॅल्शियम जस्त शोषू देत नाही. अशा वेळी चारा बदलल्याशिवाय नुसतं जस्त देऊन भागत नाही.

शेळ्यांसाठीचं खनिज मिश्रण नियमित द्या, पण सुटं मोरचूद किंवा तांब्याच्या गोळ्या मनाने देऊ नका. तांबं यकृतात साठत जातं आणि एके दिवशी विष होतं. गोठ्यात मेंढ्या असतील तर आणखी जपा. शेळीला चालणारं तांबं मेंढीला मारू शकतं, म्हणून दोघींची खनिजं वेगळी ठेवा.

१५. करडं बिनकेसाची किंवा अगदी विरळ केसांची जन्मली.

गळ्याला हात लावा. गाठ लागली तर ती आयोडीनच्या कमतरतेची खूण आहे. आईला गाभणपणात आयोडीन मिळालेलं नसतं, किंवा कोबीवर्गीय पाला खूप खाल्लेला असतो. अशी करडं अशक्त असतात, त्यांना ऊब द्या आणि चीक पाजा. कळपाला आयोडीनयुक्त मीठ सुरू करा.

१६. बोकडाची दाढी, तोंड आणि पुढच्या पायांची मागची बाजू लाल होऊन केस गेलेत.

माजावर आलेला बोकड स्वतःच्या तोंडावर आणि पायांवर मूत्र सोडतो, त्याने कातडी पोळते. कोमट पाण्याने धुवा, कोरडं करा, झिंक ऑक्साइडचं मलम किंवा व्हॅसलीन लावा. माज ओसरला की केस येतात.

१७. पांढऱ्या शेळीचेच कान आणि नाक सोलतंय, काळ्या शेळ्या ठीक आहेत.

नुसतं ऊन लागलं असेल तर सावलीत काही दिवसांत उतरतं. पण कान सुजलेले, जड, शेळी उन्हातून पळत सावलीत जाते आणि डोळ्यांत पिवळेपणा असेल तर ती घाणेरी (टणटणी) नावाचं झुडूप किंवा तसंच काही खाल्ल्याची खूण असू शकते. घाणेरीने यकृत बिघडतं, चाऱ्यातल्या हिरव्या द्रव्यापासून तयार झालेला पदार्थ रक्तात साठतो आणि उजेडात कातडी जळते. शेळी ताबडतोब अंधाऱ्या जागी बांधा, हिरवा चारा थांबवा, डॉक्टरांना बोलवा. कातडीला मलम लावणं इथे दुय्यम आहे.

१८. जोराचा ताप येऊन गेला, शेळी सावरली, आणि महिन्याभराने हातात मूठ मूठ केस येऊ लागले.

घाबरू नका. मोठा ताप, अवघड वेत किंवा उपासमार झाली की केसांची वाढ थांबते आणि काही आठवड्यांनी ते एकदम गळतात. कातडी स्वच्छ असते, खाज नसते. चांगला आहार द्या, केस येतील. तोवर थंडी-उन्हापासून जपा.

१९. गाभण शेळीला उवा-खरजेचं औषध देता येतं का?

देता येतं, पण कोणतं ते विचारून. आयव्हरमेक्टिन आणि अल्बेंडाझोल एकत्र असलेली औषधं मिळतात. अल्बेंडाझोल गाभणपणाच्या सुरुवातीच्या दिवसांत गर्भाला घातक असतं, म्हणून लेबलवरचे दोन्ही घटक वाचा. शेवटच्या महिन्यात शेळीला हौदात बुडवणं, आडवं पाडणं टाळा. व्यायच्या आधी उवा आणि खरूज आवरली तर करडांना जन्मतः लागण होत नाही, म्हणून हे टाळत बसू नका.

२०. डॉक्टर कातडी खरवडायला सांगतात. ते खरंच लागतं का?

हो, आणि ते औषधाआधी करायचं असतं, नंतर नाही. किडे चट्ट्याच्या मधोमध कमी आणि कडेला जास्त सापडतात. पात्याला तेलाचा थेंब लावून कडेची कातडी किंचित रक्त दिसेपर्यंत खरवडतात. गजकर्णासाठी कडेचे केस मुळासकट उपटून कागदी पाकिटात देतात, प्लास्टिकच्या पिशवीत ओल धरते. पावसातल्या खपलीसाठी आख्खी खपली देतात. सार्कोप्टेस खरवडीत कित्येकदा सापडतच नाही. अहवाल कोरा आला पण खाज आणि जागा खरजेची असेल, तर डॉक्टर औषध देऊन बघतात. तेही बरोबरच आहे.

२१. उवा नाहीत, खरवड कोरी, खनिजं देतोय, दोन महिने झाले आणि तरी खपल्या जात नाहीत.

आता कातडीचा छोटा तुकडा काढून तपासायला पाठवायला सांगा. शेळ्यांत क्वचित शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच कातडीवर उलटते. तोंड, कास, पाय आणि पोटावर खपल्या येतात आणि त्या प्रतिजैविकाने हलत नाहीत. ते तुकड्याच्या तपासणीतच कळतं. पांढऱ्या कातडीच्या शेळीच्या कानावर, कासेवर किंवा शेपटीखाली न भरणारी, फुलकोबीसारखी वाढत जाणारी जखम असेल तर ती कर्करोगाची असू शकते, आणि लहान असताना कापून काढली तर शेळी वाचते. तपासणीच्या आधी स्टेरॉइडचं इंजेक्शन घेऊ नका. त्याने खपल्या काही दिवस दबतात आणि निदान हुकतं.